आत्याच्या हाताचा साचा

रबराचं दूध पांढरंशुभ्र असतं आणि त्याला गोठ्याचा वास येतो. डबा उघडला की तो वास नाकातून थेट डोळ्यांत चढतो, घळाघळा पाणी येतं, आणि मग हळूहळू सवय होते. मागच्या महिन्यात माझ्या भाचीची मुलगी हैदराबादहून आली, तिच्या पिशवीत भुताचा रबरी पंजा होता. त्यांच्या शाळेत म्हणे भुताखेतांची सोंगं घेण्याचा एक दिवस असतो, आणि असले हात आता बाजारात तयार मिळतात. तिने तो चढवला, हिरवी नखं माझ्या नाकापुढे नाचवली आणि विचारलं, आजी, भीती वाटली? मी वाटली म्हणाले. पोरींना अशा वेळी हो म्हणावं. मग मी तो पंजा मागून घेतला, उलटा करून आतून पाहिला. आत सगळं सपाट होतं, एक रेघ नव्हती. कुणाच्याच हातावरून काढलेला नव्हता तो. चित्रकलेची बाई म्हणून जन्म काढला, तेव्हा असलं काही आपोआप दिसतं. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. घरच्यांनी विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं. खोटं सांगायची आमच्या घराला जुनी सवय आहे, आणि ती मोडावी म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव तेलंगणातल्या मुधोळच्या अलीकडे, काळ्या रानात, कापसाच्या शेतांनी वेढलेलं. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात हिंदी, असा आमचा संसार. माझे वडील, म्हणजे बाबा, गावातल्या मराठी शाळेत मास्तर होते. वरून येणारी परिपत्रकं तेलुगूत यायची. बाबा चष्मा पुसून ती दोनदा वाचत आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा निघे. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, बाबा शिकले, आणि शिकलेल्या माणसाने गावाला शहाणं करून सोडायचं असतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. दरवर्षी जयंतीला विहारापुढच्या मोकळ्या जागेत ते स्वतः लिहिलेलं एक नाटुकलं बसवायचे. हुंड्यावर झालं, दारूवर झालं. त्या वर्षी भानामतीवर होतं. आमच्या भागात तेव्हा कुणाच्या घरावर दगड पडले, कुणाच्या पेटीतले कपडे जळाले, कुणी बाई कुत्र्यासारखी भुंकायला लागली की ती भानामती ठरे. मग ती करणारी शोधली जाई, आणि सापडे ती नेहमी एखादी एकटी, म्हातारी, कुणी नसलेली बाई. शेजारच्या गावात अशा एका म्हातारीचे दात पाडले होते. बाबा सायकलवर तिला पाहून आले. तिसऱ्या दिवशी नाटक लिहायला बसले.

नाटक साधं होतं. एका घरात भूत येतं, सगळे घाबरतात, आणि मग गावचा मास्तर धीटपणे पुढे होऊन भुताचे हात धरतो, ओढतो, तर ते हात निखळून त्याच्या हातात येतात. मास्तर ते लोकांना दाखवून म्हणतो, "हा हात खोटा आहे. तुमची भीतीही खोटी आहे." मास्तर अर्थात बाबाच. भूत व्हायला कुणी तयार होईना, जयंतीच्या दिवशी नवे कपडे सोडून घोंगडी कोण पांघरणार, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. मी चौदा वर्षांची होते, अंगाने काडी, पण हाताने काही ना काही करत राहणारी. हात बनवायचं कामही माझ्याकडेच आलं. बाबा म्हणाले, ते हात पाहून लोकांची बोबडी वळली पाहिजे. आधी खरंच भ्याले, तरच नंतर खरंच हसतील.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. सुभद्रा आत्या बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न गोदावरीच्या काठच्या एका गावात झालं होतं. मी पाच वर्षांची असताना ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली ती राहिलीच. तिच्या उजव्या हाताची बोटं आत वळलेली होती आणि शेवटची दोन अर्धीच उरली होती. गुऱ्हाळात गुळाच्या काहिलीत हात पडला, म्हणून नवऱ्याने टाकलं, असं बाबांनी गावाला सांगितलं होतं, आम्हालाही तेच सांगितलं होतं. गाव हळहळलं. बाबांनीच खटपट करून तिला बालवाडीत दलिया शिजवायचं काम लावून दिलं. चारचौघांत तिचा उजवा हात सदा पदराखाली असे. पण बालवाडीच्या खोलीत लेकरांसमोर तिला पदराचं भान नसे. लेकरं तिला आक्का म्हणत. दुपारी ती त्यांना घरोघर पोचवायला निघाली, की सगळ्यात लहान जे असे ते तिच्या त्या वळलेल्या बोटांत आपली बोटं अडकवून चाले. अडकवायला तो हात फार सोयीचा होता.

घरी भाकरी तीच थापायची. तिच्या भाकरीला दोन आवाज होते, डाव्या हाताचा पसरट आणि उजव्याचा बोथट, कारण उजवीकडून ती मनगटाजवळच्या गादीने थापायची. धप्प आणि ठप, धप्प आणि ठप. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला तो ऐकू येई आणि आज शाळेला उशीर नाही हे कळे. भाकर मात्र पातळ आणि गोल, माझ्या आईला दोन धड हातांनी तशी कधी जमली नाही. त्याबरोबर अंबाडीची आंबट भाजी, लसणाचा ठेचा, आणि उन्हाळ्यात ताकातली कढी. पहिली भाकर बाबा घ्यायचे. आत्या तव्यावरून काढायची आणि बाबा पाट सरकवून, हात पुढे करून तिच्या हातातून घ्यायचे. ताटात वाढू द्यायचे नाहीत. मला ते लाडाचं वाटायचं. ती भाकर तिच्याच हातातून घेण्यामागे काय होतं, हे फार उशिरा समजलं.

रबराचं दूध मला लिंगन्नाकडून मिळालं. तो मुधोळला गणपतीच्या मूर्ती करायचा, तेलुगू बोलायचा, आणि बाबांच्या शाळेतले नकाशे रंगवायला यायचा म्हणून ओळख. त्या डब्याला तो 'पालु' म्हणायचा, म्हणजे दूधच. त्याच्या धंद्यात साचा रबराचा आणि मूर्ती प्लास्टरची असते. मला नेमकं उलटं हवं होतं. साचा प्लास्टरचा करायचा, त्यात दूध ओतून सगळीकडे फिरवायचं, उरलेलं परत काढायचं, वाळू द्यायचं, पुन्हा ओतायचं, असे चार-पाच थर झाले की आत भुकटी मारून हलकेच सोलून काढायचं. हे त्याने मला दोन खेपांत शिकवलं, अर्धं बोलून आणि अर्धं हातवारे करून. प्लास्टर बसताना तापतं, हेही त्याने सांगितलं होतं. मी पहिला साचा स्वतःच्याच डाव्या हातावरून काढला आणि चटका बसताच ओरडून हात ओढला. तरी एक हात कसाबसा निघाला. स्वच्छ, गुबगुबीत, शाळकरी. आईने तो पाहिला आणि हसत म्हणाली, हे भूत तर हात पुढे करून खाऊ मागून राह्यलं. मी रडकुंडीला आले. जयंती दहा दिवसांवर होती, आणि तालमीत बाबा तोच हात ओढून काढत आणि चेहरा पाडून म्हणत, चालेल, चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या बालवाडीतून आली. मी पडवीत रुसून बसले होते. ती माझ्यासमोर बसली, पदराखालून उजवा हात काढला आणि चहाच्या खोक्याच्या फळ्यांपासून केलेल्या माझ्या साच्याच्या पेटीवर ठेवला.

"माह्या हाताचा काढ," ती म्हणाली. "ह्याले पाहून लोकं भेतीन."

ती हसून म्हणाली. मला अजून ते हसणं आठवतं, त्यात कडवटपणा अजिबात नव्हता. लेकीचं काम अडलं आहे आणि आपल्या घरात नेमकी ती वस्तू पडून आहे, असं तिचं चाललं होतं. आई आतून आली, दारात थांबली. "बाई, राहू द्या ना," एवढंच म्हणाली. आत्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, "रंगवल्यावर कोन ओळखते? लेकराचं काम हाये, होऊ दे." आई उभी राहिली आणि मग आत गेली. आईला सगळं माहीत होतं. तिने तेव्हा मला नुसतं पाणी आणायला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण नणंदेसमोर दुसऱ्यांदा बोलायची आमच्याकडे रीत नव्हती.

मी तिच्या हाताला तेल आणि साबणाचा लगदा चोळला. वळलेल्या बोटांच्या आत ओली माती भरली, नाही तर प्लास्टर तिथे अडकून बसलं असतं. एकेका बोटाच्या बेचक्यात, नखाच्या कडेने, तळव्याच्या खळग्यात मी बोट फिरवत होते. इतका वेळ, इतक्या जवळून मी तो हात कधी पाहिला नव्हता. कातडी मऊ होती, चकचकीत, कोरडी. आधी खालचा अर्धा साचा ओतला, तो बसल्यावर वरचा. प्लास्टर तापायला लागलं तसं मी विचारलं, चटका बसतो का. तिने मान हलवली. मी पुन्हा विचारलं, पेटीच्या फळ्यासुद्धा कोमट झाल्या होत्या. "मले नाही समजत वं. तू कर तुहं काम," ती म्हणाली. मग बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसून होतो, तिचा हात पेटीत आणि माझे दोन्ही हात पेटीवर दाबून. गिरणीचा पुकपुक आवाज येत होता. तेवढ्यात ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "इतका वेळ माहा हात कोनं धरलाच नव्हता."

दोन दिवसांनी तिच्या तळव्यावर मोठा फोड दिसला. मी विचारलं तर म्हणाली, तव्याचा चटका. तेव्हाही मला समजलं नाही. हात आपला भाजतो आणि आपल्याला कळत नाही, हे कसं, असा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीला पडायला हवा होता. मला पडला नाही, कारण माझं सगळं लक्ष साच्यात होतं. साचा असा उतरला होता की बघत राहावं. त्यातून मी दोन हात काढले, एकाच साच्यातून, त्यामुळे भुताला दोन्ही हात उजवेच होते, आणि ते शेवटपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे कोपरापर्यंत नळी जोडली, आत आमच्याच रानातला कापूस ठासला, मधोमध काठी घातली. काठी मी बाहीच्या आत धरायची, म्हणजे हात माणसाच्या हातापेक्षा वीतभर लांब दिसणार. वरून काजळी आणि हिरवा रंग. रंगाखाली कातडीची रेघ न रेघ उठून दिसत होती. आत्याने ते हात पाहिले, आपला खरा हात त्यांच्या शेजारी ठेवून पाहिला आणि म्हणाली, बाबाले आत्ताच दाखवू नको, आयत्या वेळी चकित होईन. तसं आम्ही दोघींनी ठरवलं. आजवर आयुष्यात मी केलेल्या कामांपैकी सगळ्यात हुबेहूब काम ते होतं, आणि त्याचा मला झालेला आनंद मी इथे लपवणार नाही.

जयंतीला नाटक संध्याकाळी पाचलाच सुरू झालं, कारण विजेचा भरवसा नसे. ऊन कलतं होतं, सगळं गाव जमलं होतं, आमच्या वस्तीचं आणि वरच्या आळीचंही. बायका एका बाजूला, त्यांत पुढे बालवाडीची लेकरं आणि त्यांच्यामागे आत्या. घोंगडी पांघरून, तोंडावर काजळी फासलेलं पोतं ओढून मी आले आणि ते दोन लांब हात पुढे केले. बायका किंचाळल्या. एक म्हातारा उठून उभा राहिला. मी हात आणखी लांब केले. मग बाबा धीट मास्तरासारखे पुढे आले, त्यांनी माझा एक हात धरला आणि जोरात ओढला. हात बाहीतून निघाला. त्यांनी तो वर धरला, लोकांना दाखवण्यासाठी, आणि त्यांची नजर त्यावर गेली.

मला वाटलं बाबा वाक्य विसरले. मी पोत्याच्या आतून हळूच सांगितलं, हा हात खोटा आहे. ते तसेच उभे. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांचा हात खाली आला आणि तो रबरी हात त्यांच्या मुठीतून लोंबायला लागला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून साडेतीन वर्षांची रंजू उठली. गावात बांगड्या भरणाऱ्या रुक्माबाई कासारणीची ती नात. "आक्काचा हात," ती खुशीत म्हणाली, चार पावलं धावत आली आणि रोज दुपारी अडकवायची तशी आपली बोटं त्या रबरी बोटांत अडकवून बाबांशेजारी उभी राहिली.

लोक हसले. पहिल्यांदा अगदी मोकळं हसले. रुक्माबाई नातीला न्यायला उठली आणि येता येता मला विचारलं, "शालू, कोनाचा हात पाहून केला वं?" मी तोंडावरचं पोतं काढलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"पाहून नाही केला, साचा काढला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आत्याच्या हातावरून. रेघ न रेघ आली हाये."

रुक्माबाईने तो हात बाबांच्या मुठीतून घेतला. बाबांनी घेऊ दिला. जन्मभर हात हातात धरून बांगड्या चढवणारी बाई ती, तिने तो उलटा-सुलटा केला, बोटांच्या टोकांवरून, तळव्यावरून अंगठा फिरवला. मग तिने बाबांकडे नाही, बायकांमध्ये बसलेल्या आत्याकडे पाहिलं. आवाज अगदी हळू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"भाजलेला हात असा नसते, मास्तर. भाजलं की कातडी गोळा होते. हे तं गुळगुळीत हाये."

तिने नातीची बोटं त्या बोटांतून एकेक करून सोडवली आणि तिला कडेवर घेतलं. आत्या उठली, पदर सारखा केला आणि घराच्या दिशेने चालू लागली. बायकांनी तिला जायला वाट करून दिली, लागते त्यापेक्षा पुष्कळ रुंद. बाबा माइकजवळ गेले आणि कार्यक्रम संपला म्हणून सांगितलं. दुसरा हात माझ्या बाहीतच होता.

घरी आत्या भाकरी थापत होती. धप्प आणि ठप. बाबांनी नेहमीसारखी पहिली भाकर तिच्या हातातून घेतली, तुकडा मोडला आणि ताटावर मान खाली घालून बसून राहिले. मला ते एक शब्दही रागावले नाहीत. तेव्हा नाही, पुढेही कधी नाही. आईने मला मागच्या दारी नेऊन त्या रोगाचं नाव सांगितलं, महारोग. आत्या दवाखान्यात दोन वर्षं राहिली होती, बरी होऊन आली होती, फक्त बोटं परत आली नव्हती. मी आईला विचारलं, मग बरी झाली तर सांगितलं का नाही. आई म्हणाली, तुह्या बाबाले इचार. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत दोन मुलं आली, तिसऱ्या दिवशी एकही नाही. आत्याने तरी पाणी भरलं, खोली झाडली, दलिया शिजवला आणि दुपारी गुरांना घातला. गाव आमच्याशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. दगड पडले नाहीत, कुणी तोंडावर बोललं नाही. नळावर आत्याच्या घागरीच्या पुढेमागे जागा सुटायला लागली, एवढंच. चौथ्या दिवशी बाबांनी विहारात माणसं बोलावली. आत्याच्या पत्र्याच्या पेटीच्या तळातला दवाखान्याचा कागद त्यांनी आणला होता आणि तो त्यांनी वाचून दाखवला, मराठीत अर्थ सांगितला. उपचार पूर्ण झाले आहेत, हिच्यापासून कुणालाही धोका नाही. नऊ वर्षं हिने तुमच्या लेकरांना खाऊ घातलं, एकाला तरी काही झालं का, म्हणून विचारलं. इतकं चांगलं बाबा कधीच बोलले नव्हते. माणसं माना हलवत होती. मास्तर म्हणतात ते बरोबर आहे, असं दोघं-तिघं म्हणालेही. मग दाराशी उभी असलेली रुक्माबाई म्हणाली, "कागद खरा हाये तं मास्तर, नऊ वर्सं लपवला काऊन?"

बाबांनी कागदाची घडी केली. ती एकदा चुकली, पुन्हा केली. गावाला शहाणं करायला निघालेला माणूस स्वतःच्या बहिणीसाठी गावाला भ्याला, आणि खोटं बोलला. खोटं बोलला म्हणून ती नऊ वर्षं सुखाने जगली, आणि खोटं बोलला म्हणूनच खरा कागद वाया गेला. ह्यातलं कुठलं खोडायचं, हे आज त्यांच्यापेक्षा म्हातारी होऊनही मला ठरवता आलेलं नाही. रुक्माबाईचा बाबांवर राग नव्हता, तिला भीती होती. तिच्या घरात एकच नात होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी रंजू एकटीच आमच्या दारात आली, हातात तिची दलियाची जर्मनची ताटली. कुणाची नजर चुकवून आली होती, देव जाणे. आत्याने तिला येताना पाहिलं आणि घाईने दार लावून घेतलं. रंजूने कडी वाजवली. आत्या दाराच्या आतून, स्वतःच्याच आवाजात म्हणाली, "आक्का घरी नाही."

रंजूने थोडा विचार केला. "मंग कवा येईन?" तिने विचारलं आणि ताटली मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. आत्या दाराला पाठ लावून आत बसली. मी पडवीतल्या खिडकीपाशी होते, मला दोघीही दिसत होत्या. रुक्माबाई येऊन पोरीला घेऊन गेली, तोवर त्या दोघी एका दाराच्या दोन बाजूंना तशा बसून होत्या. त्या संध्याकाळी आत्याने आपली पत्र्याची पेटी काढली. म्हणाली, दवाखान्याजवळ आपल्यासारख्यांची वसाहत आहे, तिथे स्वयंपाकाला माणूस लागतंच. आईने रडून तिला राहायला सांगितलं. तेव्हा आत्याने माझ्याकडे बोट केलं, त्याच हाताचं, आणि म्हणाली, "दोन-चार वर्सांनं हिचं लगन करा लागीन. पाहुने पयले नळावर इचारतेत, मंग घरी येतेत." बाबा ऐकत होते. त्यांनी तिला अडवलं नाही. इतकी वर्षं हे वाक्य मी कुठे लिहिलं नव्हतं, बोलले तर नव्हतेच. बाबांनी तिला अडवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची वेळ विचारायला तेच गेले.

दोन्ही रबरी हात बाबांनी परसात जाळले. काळा धूर निघाला, कितीतरी वेळ वास जात नव्हता. साच्याचे दोन अर्धे मी कापसाच्या ढिगात लपवले म्हणून वाचले. ते माझ्याबरोबर सासरी गेले, बदल्यांच्या गावी गेले, आत्ता माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. वर्गात मुलांकडून मी मातीची फळं करून घेतली, पानांचे ठसे घेतले, मुखवटे केले. हाताचा साचा मात्र कधी काढू दिला नाही. बाबांनी त्यानंतर नाटक लिहिलं नाही. शेजारच्या गावची ती दात पाडलेली म्हातारी पुढे वारली, तेव्हा मातीला मात्र ते गेले होते.

आम्ही आत्याला बासरला गाडीत बसवून दिलं. तिथल्या सरस्वतीच्या दर्शनाला आलेल्यांची फलाटावर गर्दी होती, पहिलं अक्षर गिरवायला पाटी घेऊन आलेली लेकरं, त्यांचे आईबाप, आणि त्यांत आमच्या गावाकडचीही काही माणसं. बाबा पाणी भरून आणायला गेले. आत्या खिडकीशी बसली, उजवा हात पदराखाली. मी खाली उभी राहून रडत होते आणि चुकलं, चुकलं एवढंच म्हणत होते. तिने डाव्या हाताने माझी वेणी सरळ केली.

"तुहं काई नाही चुकलं," ती म्हणाली. "हात चांगला काढला होता तू. अगदी माहाच."

गाडी हलली. बाबा धावत आले, त्यांनी पाण्याचा तांब्या खिडकीतून तिच्या डाव्या हातात दिला. गाडी थोडी पुढे गेली, आणि तेव्हा आत्याने पदराखालून उजवा हात काढला. उघड्यावर, सगळ्या फलाटासमोर, तिने तो खिडकीबाहेर धरला आणि हलवू लागली. इतक्या वर्षांत तिने तो असा कधी बाहेर काढला नव्हता. माझ्याकडेच बघून हलवत होती.

मी आधी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या गावचं कुणी बघतं आहे का, ते पाहिलं. आणि मग हात वर केला, तोवर तिचा डबा वळणापलीकडे गेला होता.